हाताने अ‍ॅनाटॉमी, तोंडाने फिजिऑलॉजी : पहिल्या सेमिस्टरचा अभ्यास कसा करावा

प्रवेशाची धावपळ संपते, हॉस्टेलची खोली लागते, एप्रन शिवून येतो आणि मग टेबलावर अ‍ॅनाटॉमीचं जाडजूड पुस्तक येऊन बसतं. बारावीला बायोलॉजीत चांगले मार्क घेतलेली मुलंसुद्धा पहिल्या पंधरा दिवसांत गांगरतात. विषय तसा अवघड नाही. पण धडा वाचायचा, हायलायटरने पान पिवळं करायचं, परीक्षेच्या आधी पुन्हा वाचायचं, ही जुनी सवय इथे पुरत नाही. पान ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतंय असा समज होतो. मग कोणी हातात हाड देऊन विचारलं, ‘हे कुठल्या बाजूचं?’, की तोंड उघडत नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना मी एकच सांगतो : अ‍ॅनाटॉमी हाताने शिकायची आणि फिजिऑलॉजी तोंडाने. म्हणजे रचना शिकताना हाड धरायचं, स्वतःचं अंग चाचपायचं, कागदावर काढायचं. आणि कार्य शिकताना ‘हे झालं म्हणून ते झालं’ अशी साखळी मोठ्याने बोलायची. वाचन लागतंच, पण ते या दोन्हींच्या आधीचं काम आहे. खालचं सगळं याच धाग्यावर आहे. उदाहरणं मुख्यतः बी.एस्सी. नर्सिंगच्या अंगाने दिली आहेत, पण फार्मसी, फिजिओथेरपी किंवा लॅब टेक्निशियनच्या मुलांनाही ती चालतील.

१. आधी सिलॅबस, मग पुस्तक

नर्सिंगला पहिल्या सेमिस्टरला अप्लाइड अ‍ॅनाटॉमी आणि अप्लाइड फिजिऑलॉजी असे दोन भाग असतात. बी.फार्मला ह्यूमन अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी हा एकच विषय दोन सेमिस्टरमध्ये विभागलेला असतो. फिजिओथेरपीला स्नायू, सांधे आणि नर्व्ह यांची खोली बरीच जास्त लागते. त्यामुळे वरच्या वर्गातल्या दादाने किंवा ताईने सुचवलेलं पुस्तक दुसऱ्याच कोर्सचं असेल, तर एकेका स्नायूच्या ओरिजिन-इन्सर्शनमध्ये, म्हणजे तो कुठून निघतो आणि कुठे जोडला जातो यात, अडकून महिना जातो आणि आपल्या पेपरला त्यातलं काहीच येत नाही.

सिलॅबसची प्रिंट काढा आणि मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. कॉलेजच्या लायब्ररीत त्या असतात. कोणता प्रश्न मोठ्या उत्तराला येतो, कोणता शॉर्ट नोटला, याच्या खुणा सिलॅबसवरच करा. हे काम एका संध्याकाळचं आहे.

पुस्तक एकच मुख्य ठेवा, त्यासोबत एक चित्रांचा अ‍ॅटलस. तीन लेखकांची तीन पुस्तकं घेऊन एकच धडा तीनदा वाचणारी मुलं बहुतेक वेळा तीनही अर्धवट सोडतात. अकरावी-बारावीची बायोलॉजीची पुस्तकं मात्र रद्दीत घालू नका. प्रत्येक सिस्टिम सुरू करण्याआधी त्यातला धडा एकदा चाळला की कॉलेजचं पुस्तक निम्मं सोपं होतं.

२. दिशा पक्क्या करा

पहिल्याच लेक्चरला अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन सांगतात : सरळ उभं राहायचं, चेहरा समोर, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे. मुलं हे लिहून घेतात आणि विसरतात. पुढचं सगळं वर्णन या एका पोझिशनवर उभं आहे. तळवा पुढे केला की कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांपैकी रेडियस बाहेरच्या, म्हणजे अंगठ्याच्या बाजूला येतं आणि अल्ना आतल्या. तळवा मागे फिरवला की रेडियस अल्नाला ओलांडून जातं. तळवा फिरलेला ठेवूनच वर्णन केलं की आत-बाहेर सगळं उलटतं.

मिडियल-लॅटरल (मध्यरेषेकडे-बाहेरच्या बाजूला), प्रॉक्सिमल-डिस्टल (धडाजवळ-धडापासून दूर), अँटिरिअर-पोस्टिरिअर (पुढे-मागे), सुपिरिअर-इन्फिरिअर (वर-खाली) या जोड्या आरशासमोर उभं राहून अंगाला हात लावत म्हणा. नाक डोळ्यांच्या मिडियल, कोपर मनगटाच्या प्रॉक्सिमल, असं. दोन दिवसांत हे जिभेवर बसतं.

इंग्रजी-लॅटिन नावांची धास्ती मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना जास्त असते. खरं तर शाळेपासून इंग्रजी माध्यमात असलेल्यांनाही ती नावं तितकीच नवी असतात. शब्दांचे तुकडे ओळखा : नेफ्रो म्हणजे किडनीचं, हेपॅटो म्हणजे लिव्हरचं, मायो म्हणजे स्नायूचं, ऑस्टिओ म्हणजे हाडाचं. असे साठ-सत्तर तुकडे आले की नवीन शब्द दिसताक्षणी अर्धा सुटतो. उच्चारात सारखे असलेले शब्द मात्र वहीच्या मागच्या पानावर स्पेलिंगसकट वेगळे लिहून ठेवा. इलियम नावाचा भाग लहान आतड्यातही आहे आणि कमरेच्या हाडातही, लिहिताना फरक एका अक्षराचा. युरेटर (किडनीतून मूत्राशयाकडे येणारी नळी) आणि युरेथ्रा (मूत्राशयातून बाहेर नेणारी) यांची अदलाबदल तर दरवर्षी होते आणि दरवर्षी मार्क जातात.

३. हाड हातात घ्या

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो, पण तो लागतो कसा हे विचारलं की शांतता. एकदा बेरीज करून टाका. मधल्या अक्षावर ८० : कवटीची २२, दोन्ही कानांत मिळून ६, गळ्यातलं हायॉइड १, पाठीच्या कण्यात २६, बरगड्या २४, छातीच्या मधलं हाड म्हणजे स्टर्नम १. उरलेली १२६ हातापायांची : प्रत्येक हातात ३०, प्रत्येक पायात ३०, म्हणजे १२०, आणि ती धडाला जोडणारी दोन क्लॅव्हिकल (गळ्याखालची आडवी हाडं), दोन स्कॅप्युला (खांद्याची पाठीकडची हाडं), दोन हिप बोन. एका हाताच्या तीसचा हिशेबही करून बघा : दंडातलं ह्यूमरस, रेडियस, अल्ना मिळून ३, मनगटात ८, तळहातात ५, बोटांत १४. पायात मात्र टार्सल, म्हणजे घोट्याकडची हाडं, ७ असतात आणि गुडघ्याची वाटी धरून तीस पुरे होतात.

आता एखादं हाड घ्या. कॉलेजच्या बोन सेटमधलं फिमर, म्हणजे मांडीचं हाड, मागून घ्या आणि पुस्तक बंद ठेवा. प्रश्न एकच : हे उजवं की डावं? गोल डोकं वरच्या टोकाला धरा. मागची बाजू शोधा. तिच्यावर उभी खरखरीत रेघ लागते, ती लिनिया अ‍ॅस्पेरा. ती रेघ स्वतःकडे करा आणि हाड स्वतःच्या मांडीसमोर उभं धरा. आता डोकं कुठल्या बाजूला झुकलंय? ते नेहमी आत, म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडे असतं. डोकं तुमच्या डाव्या हाताकडे असेल तर हाड उजव्या पायाचं. एवढं नीट समजलं की बाकीच्या लांब हाडांचीही हीच रीत : वरचं टोक कुठलं, मागची बाजू कुठली, आतली बाजू कुठली. तीन खुणा सापडल्या की बाजू आपोआप कळते.

क्लॅव्हिकल त्रास देतं, कारण ते दोन्हीकडून सारखं वाटतं. आतलं टोक जाड, बाहेरचं चपटं. आतला दोन-तृतीयांश भाग पुढे फुगलेला आणि खालच्या अंगाला खोबण. मुलं खालची बाजू तपासत नाहीत आणि तिथेच चुकतात. हे हाड मोडतंही बहुतेक वेळा ठरलेल्या जागी, जिथे आतला दोन-तृतीयांश भाग संपून बाहेरचा एक-तृतीयांश सुरू होतो तिथे, कारण बाक तिथेच बदलतो. अशी एखादी क्लिनिकल गोष्ट प्रत्येक हाडाला जोडून ठेवा. मनगटातलं स्कॅफॉइड घ्या : बाइकवरून हात टेकून पडलेल्या माणसाच्या मनगटातल्या आठ हाडांपैकी बहुतेकदा हेच मोडतं, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दुखतं, आणि त्याला रक्तपुरवठा बराचसा बोटांकडच्या बाजूने येत असल्यामुळे मनगटाकडचा तुकडा सुकण्याची भीती असते. ही एक गोष्ट कळली की त्या आठ हाडांमधलं स्कॅफॉइड पुन्हा विसरायला होत नाही.

बोन सेट विकत घ्यावा का, असं बरेच पालक विचारतात. गरज नाही. कॉलेजचा सेट लॅब बंद होण्याआधी अर्धा तास मागून घेतला तरी पुरतं.

४. स्वतःचं अंग हाच अ‍ॅटलस

नर्सिंगच्या मुलांना डिसेक्शन करायला मिळत नाही. बहुतेक ठिकाणी मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागाला भेट होते, तिथे कॅडॅव्हर (अभ्यासासाठी ठेवलेला मृतदेह) आणि जारमधले नमुने दाखवतात. त्या दिवशी नाश्ता करून जा. फॉर्मालिनच्या वासाने डोळे चुरचुरतात, आणि उपाशीपोटी उभं राहिलं की चक्कर येते. आलीच तर खाली बसा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फोन बॅगेत. टेबलावरचा माणूस कुणाच्या तरी घरचा आहे आणि बरेचदा त्याने स्वतः देहदानाचा फॉर्म भरलेला असतो. तिथे फोटो काढणं, हसणं हे चालत नाही आणि चालू नये.

पण शिकायचं खरं साधन रोज तुमच्याजवळच असतं. गळ्याच्या खळगीपासून स्टर्नमवरून बोट खाली सरकवा. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो, तो स्टर्नल अँगल. त्याच्या बाजूलाच दुसरी बरगडी जोडलेली असते. तिच्या खालची फट ही दुसरी इंटरकॉस्टल स्पेस. तिथून बोटाने मोजत पाचव्या फटीपर्यंत या, डाव्या बाजूला क्लॅव्हिकलच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेच्या किंचित आत. हाताला ठोका लागतो तो अ‍ॅपेक्स बीट. पुढे ईसीजीचे लीड लावताना हीच मोजणी करायची आहे, तेव्हा आत्ताच हात बसवा.

कमरेवर दोन्ही हात ठेवा. बोटं ज्या हाडाच्या कडेवर टेकतात ती इलियॅक क्रेस्ट. दोन्ही कडा जोडणारी रेषा मागे चौथ्या लंबर, म्हणजे कमरेच्या, मणक्यावरून जाते. स्पायनल कॉर्ड (मज्जारज्जू) मोठ्या माणसात पहिल्या-दुसऱ्या लंबर मणक्याच्या आसपास संपते, म्हणून लंबर पंक्चरची, म्हणजे पाठीच्या कण्यातलं पाणी काढायची, सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्याच्या किंवा चौथ्या-पाचव्याच्या मध्ये घालतात. कुल्ल्यावर इंजेक्शन द्यायचं तर वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशातच का, याचं उत्तर कुल्ल्यातून पायाकडे जाणाऱ्या सायटिक नर्व्हच्या वाटेत आहे. हे सगळं पुस्तकात ‘अप्लाइड’ म्हणून शेवटी छोट्या अक्षरांत असतं. मी म्हणेन, तिथूनच सुरुवात करा.

शिरांमधल्या झडपा बघायच्या असतील तर एक जुना प्रयोग आहे. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणावर जे छापलं त्यात याची चित्रं आहेत. दंडाला रुमाल थोडा वेळ हलकासा बांधा, हात खाली सोडा. पुढच्या हातावर एक शीर फुगेल. मनगटाकडच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त पुढे सारा आणि ते बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो, कारण वरचं रक्त झडपेमुळे मागे येऊ शकत नाही. आता खालचं बोट सोडा. शीर खालून झटकन भरते. रक्त शिरांमधून हृदयाकडे एकाच दिशेने जातं, हे तुम्ही स्वतःच्या हातावर पाहिलंत. रुमाल लगेच सोडा.

५. आकृती बघून काढू नका, आठवून काढा

जर्नलमध्ये सुबक आकृत्या असणारी आणि परीक्षेत आकृती सोडणारी मुलं मी भरपूर पाहिली आहेत. कारण जर्नलमधली आकृती पुस्तक समोर ठेवून काढलेली असते. ते जर्नल मार्कांसाठी ठीक. शिकण्यासाठी वेगळी रफ वही करा.

रीत अशी : आकृती दोन मिनिटं बघा. पुस्तक बंद. आठवेल तशी काढा, वेडीवाकडी चालेल. नावं द्या. मग पुस्तक उघडून चुकलेलं आणि राहिलेलं लाल पेनाने त्याच आकृतीवर लिहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्या पानावर. लाल शाई कमी होत जाते ते दिसतं, आणि अभ्यासात एवढं स्पष्ट मोजमाप दुसरं नाही.

हृदय काढताना एक घोळ कायम होतो. चित्र समोर उभ्या माणसाचं असतं, त्यामुळे हृदयाची उजवी बाजू तुमच्या कागदावर डावीकडे येते. कागदाच्या वर कोपऱ्यात आधी ‘उजवं’ आणि ‘डावं’ लिहून मग सुरुवात करा. दुसरा घोळ रंगाचा : लाल रंग ऑक्सिजनयुक्त रक्ताला, निळा ऑक्सिजन कमी असलेल्याला. पल्मनरी आर्टरी ही आर्टरी असली तरी निळी, कारण ती उजव्या व्हेंट्रिकलमधून, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून, निघून फुफ्फुसाकडे जाते, आणि पल्मनरी व्हेन लाल. आर्टरी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, एवढीच तिची व्याख्या.

काढता काढता स्वतःला ‘असंच का?’ विचारा. डाव्या व्हेंट्रिकलची भिंत उजव्यापेक्षा बरीच जाड का काढायची? उजव्याला शेजारच्या फुफ्फुसात रक्त ढकलायचं असतं, तिथला वरचा दाब साधारण २५ मिलिमीटर मर्क्युरी. डाव्याला डोक्यापासून पायापर्यंत, १२० च्या दाबाने. उजवा ब्रॉंकस, म्हणजे श्वासनळीचा उजवा फाटा, डाव्यापेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभा. लहान मुलाच्या श्वासात शेंगदाणा गेला तर तो बहुतेक वेळा उजवीकडे का सापडतो, हे त्या आकृतीतच दिसतं. किडनीतल्या ग्लोमेरुलस या गाळणीत रक्त आणणारी नळी बाहेर नेणारीपेक्षा रुंद असते, त्यामुळे आत दाब टिकतो आणि गाळणी चालते.

मोबाइलवरचे व्हिडिओ आणि थ्रीडी अ‍ॅप यांना माझा विरोध नाही. हृदयाचे कप्पे, किडनीतला नेफ्रॉन, गर्भाची वाढ हे हलत्या चित्रात फार चांगलं कळतं. पण व्हिडिओ संपला की कोरा कागद घ्या. नाहीतर तो वेळ करमणुकीत धरा.

६. फिजिऑलॉजी बोलून दाखवा

फिजिऑलॉजीत व्याख्या थोड्या आणि घटनांची साखळी जास्त. ती साखळी मनातल्या मनात वाचली की मधले दुवे गळतात आणि ते आपल्याला कळतही नाही. मोठ्याने सांगायला लागलं की जिथे अडखळतो तिथेच तो गळलेला दुवा असतो.

एक साखळी पूर्ण करून बघू. जमिनीवर बराच वेळ मांडी घालून बसलेला माणूस झटकन उठतो आणि क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. का? उभं राहिल्यावर गुरुत्वाकर्षणाने रक्त पायांच्या शिरांमध्ये साठतं. म्हणून हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं. म्हणून व्हेंट्रिकल कमी भरतं, आणि एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त, म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूम, कमी होतं. म्हणून ब्लडप्रेशर उतरतं आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. इथपर्यंत झाला बिघाड. आता दुरुस्ती. मानेतल्या कॅरोटिड सायनस आणि हृदयाजवळच्या एऑर्टिक आर्चमधल्या बॅरोरिसेप्टरचा, म्हणजे दाब ओळखणाऱ्या यंत्रणेचा, ताण कमी होतो, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या मेड्युलाकडे कमी सिग्नल पाठवतात. मेड्युला ठोके वाढवणारी सिम्पथेटिक यंत्रणा जोरात चालवते, ठोके मंदावणाऱ्या व्हेगस नर्व्हचा लगाम सैल करते. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, प्रेशर जागेवर येतं. अंधारी काही सेकंदांत जाते.

हे मैत्रिणीसमोर पुस्तकाशिवाय सांगा. मराठीतून सांगा, हरकत नाही. मी तर म्हणेन आधी मराठीतूनच, कारण मराठीत ‘म्हणून’ म्हणताना फसवता येत नाही. कारण ठाऊक नसेल तर वाक्य तिथेच थांबतं. साखळी बसली की तीच इंग्रजीत पाच-सहा ओळींत लिहा, कारण पेपर इंग्रजीत आहे. वयस्कर किंवा ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेणाऱ्या पेशंटला आधी कॉटवर बसवून मग उभं का करायचं, हे पुढे वॉर्डात कोणी वेगळं शिकवायला लागणार नाही.

प्रत्येक साखळीत तीन जागा शोधा : बदल कोण ओळखतो, निर्णय कुठे होतो, काम कोण करतं. शरीराचं तापमान, रक्तातली साखर, पाण्याचं प्रमाण सगळीकडे हाच सांगाडा सापडतो, आणि बहुतेक ठिकाणी फीडबॅक निगेटिव्ह असतो, म्हणजे बदल उलटवणारा. पॉझिटिव्हची उदाहरणं मोजकी. बाळंतपणातलं ऑक्सिटोसिन हॉर्मोन हे नर्सिंगच्या पेपरचं आवडतं.

आणखी एक साखळी आवर्जून करा, ती ओआरएसची. लहान आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रोटीन असतं, जे सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतं. त्यांच्या मागोमाग पाणी शोषलं जातं. कॉलऱ्यात विषामुळे आतड्यातून क्लोराइड आणि पाणी बाहेर वाहत असतं, पण हा वाहक शाबूत असतो. म्हणून नुसतं पाणी किंवा नुसतं मीठपाणी पुरत नाही, साखर हवी. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरं पडत असताना मीठ-साखरेचं पाणी तोंडाने देऊन असंख्य रुग्ण वाचवले, ते याच वाहकाच्या जोरावर. एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे गावोगावच्या आशाताई सांगतात. त्यामागचं कारण सांगता आलं की मेंब्रेन ट्रान्सपोर्ट (पेशीच्या आवरणातून होणारी ने-आण) हा धडा झाला म्हणा.

७. आकडे पाठ करू नका, गणित करा

हृदयाचा एक ठोका साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतो, मिनिटाला ७२ ठोके. गुणाकार करा, पाच लिटर. झाला कार्डिअ‍ॅक आउटपुट. किडन्या मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळतात, दिवसाची मिनिटं १४४०, म्हणजे १८० लिटर. लघवी होते दीड लिटरच्या आसपास. उरलेलं, जवळपास ९९ टक्के, परत शोषलं जातं. आता ट्युब्यूलवर, म्हणजे हे परत शोषणाऱ्या किडनीतल्या बारीक नळ्यांवर, अख्खा धडा का आहे ते कळतं.

श्वासाचं गणित तर परीक्षेपुरतं नाहीच. एका साध्या श्वासात ५०० मिलिलिटर हवा आत येते, पण त्यातली १५० नळ्यांमध्येच राहते, फुफ्फुसातल्या अल्व्हिओलाय या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचत नाही. मिनिटाला १२ श्वास धरले तर कामाची हवा ३५० गुणिले १२, म्हणजे ४२०० मिलिलिटर. आता पेशंट घाईघाईने उथळ श्वास घेतोय, २५० मिलिलिटरचे २४. एकूण हवा दोन्हीकडे ६००० च. पण कामाची? १०० गुणिले २४, फक्त २४००. श्वासाचे आकडे वाढलेले दिसत असताना पेशंटची हवा निम्म्याजवळ आलेली असते. म्हणून वॉर्डात श्वास मोजताना छाती किती उचलते तेही बघायचं असतं.

थेट पाठ करायचे आकडे थोडेच उरतात : रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, उपाशीपोटी साखर डेसिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम, लाल पेशीचं आयुष्य १२० दिवस, मेंदूतून निघणाऱ्या क्रॅनियल नर्व्हच्या १२ जोड्या, स्पायनलच्या ३१. मानेचे मणके ७ असून सर्व्हायकल नर्व्ह ८ आहेत, हे विचारणारे परीक्षक असतात. पहिली नर्व्ह पहिल्या मणक्याच्या वरून निघते आणि आठवी सातव्याच्या खालून.

८. आठवडा कसा लावायचा

दिवसभर लेक्चर आणि लॅब झाल्यावर रात्री चार तास बसणं कुणालाच जमत नाही. तशी टाइमटेबलं भिंतीवरच राहतात. त्याच दिवशी संध्याकाळी वीस मिनिटं : कोऱ्या पानावर आजचं जेवढं आठवतं तेवढं लिहा-काढा, मग लाल पेन. तीन-चार दिवसांनी तेच पान पुन्हा कोरं करून बघा. रविवारी आठवड्याची सगळी पानं एकदा. महिन्याने जुन्या सिस्टिममधलं एखादं पान उचलून. एवढं सांभाळलं तर परीक्षेच्या आधी रात्रीचा दिवस करावा लागत नाही.

अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी वेगवेगळे शिक्षक वेगवेगळ्या क्रमाने शिकवत असतील तर घरी तुम्ही एकच सिस्टिम जोडून घ्या. हृदयाची रचना ऑगस्टमध्ये आणि कार्य ऑक्टोबरमध्ये असं वाचलं की दोन्ही निसटतात.

मागे पडलात तर पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आज वर्गात जे चाललंय ते आज धरा आणि मागचं रविवारी थोडं थोडं भरून काढा.

९. प्रॅक्टिकल आणि व्हायवा

फार्मसीला हिमोग्लोबिन, रक्तगट, पेशी मोजणं, ब्लीडिंग-क्लॉटिंग टाइम हे स्वतः करावं लागतं. नर्सिंगला हाडं, मॉडेल, स्लाइड ओळखणं. ब्लडप्रेशर सगळ्यांनाच. रूममेटच्या दंडावर कफ बांधून सराव करा. ब्रेकियल आर्टरी कोपराच्या खळगीत बायसेप्सच्या टेंडनच्या आतल्या बाजूला लागते. आधी बोटाने ती शोधा, मग स्टेथोस्कोप ठेवा. उगाच मध्यभागी ठेवून ‘आवाजच येत नाही’ म्हणणारे निम्मे असतात.

स्पॉटिंगला, म्हणजे टेबलावर मांडलेले नमुने ओळखायला, घंटा वाजेपर्यंत मिनिटभर मिळतं. आधी जे नक्की दिसतंय ते लिहा : अवयवाचं नाव, बाजू. बाण नेमका कशावर लावलाय ते वाकून बघा. फीत फिमरवर चिकटवलेली असते आणि उत्तर फक्त ग्रेटर ट्रोकॅंटर, म्हणजे वरच्या टोकाचा बाहेरचा उंचवटा, हवं असतं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) बहुतेक वेळा विचारतात, ‘कुठलं हाड घेणार?’ किंवा ‘कुठली सिस्टिम आवडते?’ हा प्रश्न तयार ठेवून जा. ‘सगळंच आवडतं’ म्हणालात तर पुढचा प्रश्न ते निवडतील. हाड उचललं की विचारण्याची वाट न बघता अ‍ॅनाटॉमिकल पोझिशनला धरा, नाव सांगा, बाजू सांगा, ती कशावरून ओळखली ते बोट ठेवून दाखवा, मग भाग, आणि शेवटी एक क्लिनिकल गोष्ट. एवढं सलग बोललात की पुढचे प्रश्न तुमच्याच उत्तरातून निघतात. एखादं नाव आठवत नसेल तर गप्प उभं राहू नका. ‘मॅडम, नाव आठवत नाही, पण इथे हिप जॉइंटचा कॅप्सूल जोडलेला असतो’ असं म्हटलं तरी अर्धे मार्क पदरात पडतात. आणि हाड टेबलावर हळूच ठेवा. आपटलं की पहिला ओरडा तिथेच बसतो.